न विकलेला तास परत येत नाही

वसईत चर्चच्या गायनमंडळांची परंपरा जुनी. त्यामुळे वसई-विरार भागात पियानो शिकवणाऱ्याला विद्यार्थ्यांसाठी फार दूर पाहावे लागत नाही. धंदा बसतो तो हिशोबापायी.

शिकवणाऱ्याचा माल म्हणजे वेळ. मुले शाळेतून सुटल्यावर येणार, म्हणजे विकण्याजोगे तास सायंकाळी चार ते नऊ. अर्ध्या तासाची एक शिकवणी धरली तर दिवसाला दहा, सहा दिवसांत साठ विद्यार्थी. याहून जास्त एकट्याच्याने होत नाहीत. कापडाचा तागा आज नाही तर उद्या खपतो. मूल आले नाही तर तो अर्धा तास बुडालाच. म्हणून फी महिन्याची आगाऊ घ्यावी आणि न कळवता चुकलेली शिकवणी भरून मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी द्यावे. भिडेपोटी गप्प बसणारा मे महिन्यात जागेचे भाडे पदरचे भरतो. शिवणवर्ग चालवणाऱ्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको!

खऱ्या पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात. खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड फुगते, सूर हलतो आणि ट्यूनर वारंवार बोलवावा लागतो. सुरुवातीला ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो बरा. त्याला ट्यूनिंग नाही. ६१ पट्ट्यांचा स्वस्त कीबोर्ड मात्र घेऊ नये, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या वरच्या ग्रेडला तो अपुरा पडतो.

समजा, फी महिना दोन हजार. साठ विद्यार्थ्यांचे वर्षाला १४ लाख ४० हजार होतात. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. दुसरा शिक्षक ठेवण्याआधी हा आकडा पाहावा.