परिचारिकेची मुलाखत : तिने आपणांस विचारावयाचे प्रश्न

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे उपस्थात्याचे चार गुण होत. ठाणे ते कल्याण-डोंबिवली परिसरात आपल्यापैकी अनेकांची पंचकर्म केंद्रे व छोटी रुग्णालये आहेत. तेथे परिचारिका नेमताना हे गुण आपण कसे पारखतो?

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आपण पाहतो. शिक्षण तीन वर्षांचे जीएनएम की दोन वर्षांचे एएनएम, अनुभव किती, पगाराची अपेक्षा काय, एवढे विचारून मुलाखत संपवितो. "आपल्याला काही विचारायचे आहे का?" हा प्रश्न मात्र राहून जातो.

काही वर्षांपूर्वी एका उमेदवार मुलीने आम्हांस आपणहून विचारले, "विरेचनाचे रुग्ण दाखल असतील त्या रात्री माझ्यासोबत कोण असेल? रक्तदाब उतरला तर डॉक्टर किती वेळात पोहोचतील?" आम्हांस तो आगाऊपणा वाटला व तिची निवड झाली नाही. पुढे एका वृद्ध रुग्णास विरेचनाचा अतियोग होऊन मध्यरात्री ग्लानी आली. ड्युटीवरील परिचारिकेस प्रथम कोणाला फोन करावा, हेच आम्ही सांगितलेले नव्हते. सुदैवाने रुग्ण सावरला. दाक्ष्य कशास म्हणतात, हे मात्र आम्हांस उशिरा उमगले.

पुढील प्रश्न उमेदवाराने विचारावेत आणि त्यांची उत्तरे आपणांपाशी तयार असावीत :

१) एका पाळीत किती रुग्ण सांभाळावयाचे? रात्री सोबत कोण? तातडीच्या वेळी रुग्ण कोठे हलवावयाचा?

२) बस्ती, स्वेदन आदी कर्मांचे प्रशिक्षण कोण व किती दिवस देणार? परिचर्येच्या अभ्यासक्रमातून आलेल्या मुलीस ही कर्मे नवीन असतात.

३) हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रांची सोय आहे का? सुई टोचल्यास काय करावयाचे? एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते.

४) पाळी किती वाजता सुटते? टिटवाळा वा बदलापूरहून येणाऱ्या मुलीस लोकल चुकली तर घर गाठणे अवघड होते. रात्री थांबावे लागल्यास आतून कडी लागणारी खोली आहे का?

५) तक्रार कोणाकडे करावयाची? २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आवश्यक आहे. त्याहून कमी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते.

६) पगार, साप्ताहिक सुटी व जादा पाळीचा मोबदला नेमणूकपत्रात लिहून मिळेल का?

औषध विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. नोकरी शोधणाऱ्या मुली पुष्कळदा प्रथम आपल्याच दुकानात चौकशी करतात. त्यांना पत्ता देताना एवढेच सांगावे : चार-पाच प्रश्न कागदावर लिहून न्या, कामाचे आधी विचारा, पगाराचे नंतर, पण दोन्ही विचारा.

जी परिचारिका मुलाखतीत आपणांस प्रश्न विचारू शकते, तीच मध्यरात्री आपणांस उठवून "रुग्णाची नाडी ठीक वाटत नाही" असे सांगू शकते. तिला पहिल्याच दिवशी गप्प बसविले, तर त्या रात्री ती बोलेल, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करावी?