घरची पदवी आणि कॉलेजची पदवी

घुग्घुस हे गाव कोळसा आणि सिमेंटसाठी ओळखले जाते. पण वस्ती मागे टाकली की कपाशीची काळी राने लागतात, आणि पुष्कळ घरांत एक जण खाणीत तर दुसरा वावरात असा संसार चालतो. आमच्या शेजारचे घर असेच आहे. काही वर्षांपूर्वी या घरात एकाच वेळी दोघे बी.ए. करीत होते. धाकटा मुलगा रोज एस.टी.ने चंद्रपूरच्या कॉलेजात जाई. थोरली सून घरी राहून मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करी. दोघांपैकी खरे शिक्षण कोणाचे, यावर जेवताना वाद रंगत.

सासऱ्यांचे मत ठाम होते. "घरी बसून का पदवी भेटते व्हय?" असे ते म्हणत. त्यांची शंका पुष्कळ घरांत आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झाले. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची धरावी, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा कागदाचा प्रश्न मिटलेला आहे. समाधानाचा प्रश्न मात्र निराळा.

सूनबाईला पुस्तके फार आवडली. समोर शिक्षक नाही हे धरूनच ती लिहिलेली असतात. थोडे वाचायचे, लगेच स्वतःची परीक्षा घ्यायची, उत्तरे शेवटी पाहायची. नवऱ्याची पहिली पाळी असली की पहाटे डबा, मग घर, मग वावर. पुस्तक उघडायचे ते रात्री. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवडा आठवडा ते उघडलेच जात नसे. कॉलेजने एवढी रजा कोणत्या सुनेला दिली असती?

पण एकदा अर्थशास्त्रात गाडी अडली. मागणीची लवचिकता काही केल्या डोक्यात शिरेना. "पुस्तक तं हाय माह्यापाशी, पन विचारू कोनाले?" असे ती माझ्या पत्नीला म्हणाली होती. रविवारचा संपर्क वर्ग पुढे होता, आणि त्या रविवारी घरी पाहुणे आले. शेवटी दिराने आपल्या प्राध्यापकांना विचारले आणि रात्री ओसरीवर वहिनीला सांगितले : मीठ महागले तरी घरात तेवढेच लागते, पण सिनेमाचे तिकीट महागले की माणूस घरी बसतो. दहा मिनिटांत काम झाले. पंधरा दिवस ती त्या एका पानावर अडून होती.

दिराचेही सारे आलबेल नव्हते. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, बसची वाट पाहणे, आणि पोहोचावे तर तास होणार नाही अशी पाटी. तरी तो खूष असे. मित्र होते, ग्रंथालय होते, शंका विचारायला माणूस होता.

मग मार्च २०२० आला. कॉलेज बंद झाले आणि तास मोबाइलवर आले. घरात चांगला मोबाइल एकच, तो पाळीवर थोरल्या भावाबरोबर जाई. शिक्षक तेच, धडा तोच, पण पोराचे मन उडाले. ज्याने घरचे शिक्षण आपणहून निवडले आणि ज्याच्यावर ते येऊन पडले, त्या दोघांना एका तराजूत घालता येत नाही. त्या वर्षी तो वहिनीची पुस्तके मागून वाचू लागला. वर्गासाठी लिहिलेल्या पुस्तकांपेक्षा ती एकट्याने वाचायला सोपी पडत.

अमेरिकेतील थॉमस रसेल यांनी १९९९ साली या विषयावरची ३५५ संशोधने एकत्र करून दाखविली. दोन्ही पद्धतींच्या विद्यार्थ्यांच्या गुणांत सहसा लक्षणीय फरक पडत नाही, असा त्यांचा सूर होता. हे वाचून हुरळून जाऊ नये. दूरशिक्षणात मध्येच सोडून जाणारे अधिक असतात, आणि समाधान विचारले जाते ते बहुधा शेवटपर्यंत टिकलेल्यांना. लवचिकतेच्या पानावरच ज्याने पुस्तक मिटले, त्याला कोण विचारणार?

म्हणून ज्या घरात लेकीला वा सुनेला असा प्रवेश घ्यायचा असेल, त्यांनी फी विचारण्याआधी अभ्यासकेंद्रात जाऊन यावे. रविवारचे वर्ग खरोखर भरतात का, आणि मधल्या दिवसांत शंका कोणाला विचारायची, हे तिथे शिकणाऱ्यांकडूनच समजून घ्यावे. आणि त्या रविवारी घरातल्या पाहुण्यांचे दुसऱ्या कोणीतरी पाहावे.

दोघेही पास झाले. दीर आता नोकरीच्या खटपटीत आहे. सूनबाईचा विचार एम.ए.चा आहे. मागच्या आठवड्यात सासरेच तिला घेऊन केंद्रावर गेले होते. तिथल्या बाबूंना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "रविवारी शिकवाले कोन येते?"