गोठ्यापर्यंतची वीज : चर, केबल आणि काही पक्के गैरसमज

म्हशी वाढल्या की गोठा परड्यातून मळ्यात जातो. पाठोपाठ कडबाकुट्टी येते, धार काढायचं यंत्र येतं आणि मग घरापासून दोनशे फुटांवर वीज न्यायची वेळ येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी दूध उत्पादकांनी हे काम केलेलं आहे. बांबूवरून लोंबती वायर नेण्यापेक्षा जमिनीतून केबल टाकणं केव्हाही चांगलं. आपल्याच रानात टिकाव-खोऱ्यानं चर खोदायला परवानाही लागत नाही. पण या चराभोवती जे समज रूढ आहेत, त्यातले काही जिवावर बेतणारे आहेत.

पहिला समज खोलीचा. ‘दीड फूट खोदलं तरी पुष्कळ झालं.’ भारतीय मानक आयएस 1255 मध्ये कमी दाबाच्या केबलसाठी 75 सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट खोली सांगितली आहे. जमिनीवर जी अवजारं चालतात, त्यांच्यापासून केबल वाचावी म्हणून ही खोली. उसाचं रान असेल तर अडीच फुटांवरही थांबू नये. खोडवा काढल्यावर सबसॉयलर घातला की त्याचा दात दीड-दोन फूट आत जातो. यंत्रानं मशागत होणाऱ्या जमिनीसाठी आंतरराष्ट्रीय मानकात एक मीटर खोली दिली आहे, ती आपल्याकडच्या ऊसपट्ट्याला तंतोतंत लागू पडते. शक्य असेल तर चर बांधाच्या कडेनं न्यावा.

‘दोन गडी लावले की एका दिवसात उरकेल’ असंही म्हणतात. दोनशे फूट लांब, एक फूट रुंद, अडीच फूट खोल म्हणजे पाचशे घनफूट, पाच ब्रास माती. वजनानं वीस टनांच्या वर. मऊ मातीतही हे सात-आठ माणसांचं दिवसभराचं काम आहे. पन्हाळा-शाहूवाडीकडं जांभा लागला की पहारीशिवाय हलत नाही आणि हिशेब कितीतरी वाढतो. शिरोळ-हातकणंगल्याची काळी माती मे महिन्यात दगड होते आणि आषाढात खोऱ्याला चिकटून बसते. पावसाळा सरून वाफसा आला की खोदावं. सुरुवात करण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना विचारून घ्यावं, कारण आपल्याकडं सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या पाइपलाइनी रानोरान गेलेल्या आहेत. जेसीबीचा बकेट त्या फोडतो. हातात टिकाव धरलेल्या माणसाला पाइप लागल्याचं आधी कळतं.

काळ्या मातीचा आणखी एक गुण ध्यानात ठेवायला हवा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि ताणून टाकलेल्या केबलला ओढ बसते. म्हणून केबल चरात थोडी नागमोडी सोडायची आणि दोन्ही टोकांना एकेक वेटोळं शिल्लक ठेवायचं. खाली-वर चाळलेली वाळू, त्यावर आडव्या विटा, विटांच्या वर मातीत लाल पट्टी. ‘निघालेली माती तशीच लोटली की झालं’ असं करू नये. मातीतला एखादा टोकदार दगड वर्षानुवर्षं केबलवर दाबत राहतो.

‘पाइपातून नेली तर घरातली साधी वायरही चालते’ हा समज तर फारच पसरलेला आहे. पाइप पाणी अडवत नाही, उलट धरून ठेवतो. सांध्यातून झिरपलेलं आणि आतल्या दमटपणाचं पाणी तिथंच साचतं. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागं टाकली, तेव्हा नदीकाठची रानं दिवसेंदिवस पाण्याखाली होती. अशा जागी आयएस 1554 किंवा आयएस 7098 मानकाची आर्मर्ड केबलच हवी, आणि चरात एकही सांधा नको. लोखंडी चिलखत घुशीच्या दातांनाही दाद देत नाही. मात्र वरचं आवरण सोललं तर क्षारपड जमिनीत ते चिलखतच गंजून जातं, म्हणून केबल फरफटत ओढू नये.

कडबाकुट्टी ‘घूं’ करून अडते तेव्हा दोष मोटरीला दिला जातो. बऱ्याचदा तो वायरीच्या जाडीचा असतो. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालताना साधारण दहा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाचपट. 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत दोनशे फुटांवर चालताना नऊ व्होल्ट पडतात, सुरू होताना पंचेचाळीस. 230 चे 185 झाले तर मोटर उचलणार कशी? 6 चौरस मिलिमीटरला हीच घट चार आणि एकोणीसवर येते.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ‘अर्थिंग केलंय, एमसीबी आहे, मग काय भीती?’ कोळसा-मीठ घालून केलेल्या अर्थिंगचा रोध वीस ओहम धरा. फेज यंत्राच्या पत्र्याला लागला तर त्यातून साडेअकरा अँपिअरच जातील. सोळा अँपिअरच्या एमसीबीला तो नेहमीचा भार वाटतो. तो पडत नाही आणि पत्रा जिवंत राहतो. म्हैस ओल्या फरशीवर चार पायांवर उभी असते, पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, आणि मधे काळीज. माणसाला नुसत्या झिणझिण्या आणणारं व्होल्टेज तिला मारू शकतं. म्हणून गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायलाच हवी, तिचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबायला हवं, आणि फेज-न्यूट्रलसोबत अर्थची तिसरी तार केबलमधूनच न्यायला हवी. काही ठिकाणी फेजची एकच तार नेतात आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत सळई ठोकतात. सळईभोवतीची जमीनच भारित होते. हे करू नका, कुणी करत असेल तर थांबवा.

जोडणी परवानाधारक वीज ठेकेदाराकडून करून घ्यावी. चर बुजवण्याआधी आणि बुजवल्यावर त्यानं मेगर लावून इन्सुलेशन तपासलं पाहिजे. ‘मीटर आपला, मग वीज कुठंही न्यावी’ हेही खरं नाही. मंजूर जागेबाहेर किंवा मंजूर कारणाखेरीज वापर झाला, तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार दुप्पट दरानं आकारणी होते. गोठा वेगळ्या गटात असेल तर आधी महावितरणकडं चौकशी करावी.

चर उघडा असतानाच फोटो काढा. घराच्या कोपऱ्यापासून, विहिरीपासून, बांधापासूनची मापं कागदावर उतरवा आणि तो कागद बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. विटा-वाळू टाकणारी माणसं पुढच्या वेळी खोदायला असतीलच असं नाही.