स्लॅब गळतोय आणि कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर, बस-लोकलमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी.

पावसाळा आला की मला एकाच धाटणीचे मेसेज येतात. "दादा, आमच्याच प्लॉटवर घर बांधलं. पहिल्याच पावसात स्लॅब ठिबकतोय, भिंतींना भेगा गेल्यात. कॉन्ट्रॅक्टर आधी 'उद्या माणूस पाठवतो' म्हणायचा, आता फोनच उचलत नाही. रेरात जाऊ का?"

रेरात नाही. महारेरा हे बिल्डरच्या प्रोजेक्टसाठी. बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल तर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामातला दोष त्याने ३० दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण जागा तुमची आणि कॉन्ट्रॅक्टर तुम्ही ठरवलेला, तर ही वाट बंद. तुमची वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच घरबांधणी आहे. फक्त एक बघा: काम स्क्वेअर फुटाच्या दराने कुणाला ठरवून दिलं होतं ना? गवंडी रोजंदारीवर लावून बाबाच उभे राहून काम करून घेत होते, तर आयोगात टिकणं अवघड.

आता खरी गोची. घरात पाणी गळतंय, आजी बादल्या लावतेय, साहजिकच सगळे म्हणतात, "आधी वॉटरप्रूफिंग करून घे, केस नंतर बघू." आणि इथेच बऱ्याच केसेस मरतात. दुरुस्ती केलीत की दोष गेला आणि दोषाबरोबर पुरावाही गेला. पुढे कॉन्ट्रॅक्टर म्हणणार, "गळत नव्हतंच, नवीन माणसाने तोडफोड केली."

म्हणून क्रम असा ठेवा. आधी फोटो आणि व्हिडिओ. मग नोटीस: काय दोष आहे, किती दिवसांत दुरुस्त करायचा, आणि अमुक तारखेला इंजिनिअर पाहणी करणार आहे, तुम्हीही हजर राहा. ती पोस्टाने, पोच मिळेल अशी पाठवा. तो आला नाही तर ते तुमच्याच फायद्याचं. पाहणी झाली की खुशाल दुरुस्ती करा, पक्कं बिल घ्या, आणि तो खर्च तक्रारीत मागा.

इंजिनिअरच्या रिपोर्टवर मी सगळ्यात जास्त जोर देईन. 'स्लॅबमधून गळती आढळली' एवढ्या एका ओळीचा रिपोर्ट काही कामाचा नाही, गळती तर आजीलाही दिसते. रिपोर्टमध्ये कारण हवं: व्हायब्रेटर नीट न फिरवल्यामुळे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या, की गच्चीच्या कोब्याला उतार नाही, की सळईवर पुरेसं काँक्रीट नाही. आणि दुरुस्तीचं एस्टिमेट हवं. गच्चीवर पाणी साठवून खाली कुठे ओल उतरते ते तपासता येतं, काँक्रीटची ताकद रिबाउंड हॅमरने अंदाजे कळते.

कॉन्ट्रॅक्टरचं ठरलेलं उत्तर माहितीये? "तुम्ही पाणी मारलं नाही." आपल्याकडे पाणी मारायचं काम बऱ्याचदा घरच्यांवरच ढकलतात, त्यामुळे हा आरोप चिकटतो. आयएस ४५६ या मानकानुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी द्यावं लागतं. स्लॅबवर पाण्याची आळी केल्याचे तारखेसकट फोटो असतील तर शोधून ठेवा. काम मजुरीवर दिलं असेल तर "सिमेंट तुमचं होतं" हेही येणार. मग दुकानाची बिलं काढा. शिवाय माल चांगला असो की वाईट, पोकळ्या आणि उतार हा कारागिरीचा भाग आहे.

करारनामा नाही? फार कमी घरांत असतो. दराचं कोटेशन, डायरीत हप्त्यासमोर घेतलेली सही, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचं "उद्या येतो", हे सगळं चालतं. इथे घरातल्या तरुण पोरांनीच पुढे व्हायचं, कारण बाबांचा फोन भरला की ते चॅट उडवतात! स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ फोन फॉरमॅट करू नका.

पोलिसांकडे गेलात तर बहुतेक वेळा "हे दिवाणी आहे" असं ऐकायला मिळेल. ते अगदीच चूक नसतं. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासूनच हेतू खोटा होता हे दाखवावं लागतं, आणि वाईट काम म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे.

तक्रारीची मुदत २ वर्षं. "करून देतो, करून देतो" यात ती संपून जाते, म्हणून दोष दिसला ती तारीख लिहून ठेवा. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, म्हणजे पुण्यात नोकरी असेल तर तक्रार पुण्यात. ऑनलाइनही करता येते. वकील सक्तीचा नाही. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. कायद्यात निकालाची मुदत काही महिन्यांची असली तरी प्रत्यक्षात जास्त लागतात, हे धरूनच चाला. आदेश पाळला नाही तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

आणि नोटीस हातात पडताच बरेच कॉन्ट्रॅक्टर दारात येतात, "कशाला कोर्टकचेरी, घरचेच आहोत" म्हणत. चहा द्या. पण काय दुरुस्त करणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती वर्षांच्या हमीवर, हे कागदावर सहीनिशी घ्या. तक्रार आधीच दाखल असेल तर तडजोड आयोगासमोरच नोंदवा.