शितावरून भाताची परीक्षा

गिऱ्हाईक नेहमी स्वस्त आणि चांगलं तेच घेतं, असं आपण सहज म्हणून जातो. जपानच्या तांदळाची हकिकत मात्र जरा वेगळी आहे.

१९९३चा उन्हाळा इथे फार थंड गेला आणि भाताचं पीक नेहमीच्या सुमारे तीन चतुर्थांशच आलं. सरकारने थायलंड, चीन, अमेरिका व ऑस्ट्रेलियातून मिळून सुमारे २६ लाख टन तांदूळ आणला. त्यातल्या थाई तांदळाला लोकांनी नाकं मुरडली. तांदूळ वाईट होता का? मुळीच नाही! पण लांब दाण्याचा, मोकळा होणारा तांदूळ राइस कुकरमध्ये जपानी पद्धतीने शिजवला, तर चॉपस्टिक्सना हवा तो चिकटपणा येणार कुठून? भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढला असता तर गोष्ट वेगळी. शिवाय बऱ्याच दुकानांत जपानी तांदूळ हवा तर थाई पिशवीही घ्या, अशी सक्ती. कुठे दोन्ही मिसळूनच विकले. गळ्यात मारलेला माल कोणाला गोड लागतो?

आता २०२५ पाहा. वर्षापूर्वी दोनेक हजार येनला मिळणारी ५ किलोची पिशवी मे महिन्यात सरासरी ४,२०० येनच्या वर गेली. सरकारी साठ्यातला जुना तांदूळ दोन हजारांच्या आसपास विकायला आला, तेव्हा लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या. किलोला ३४१ येन जकात भरूनही व्यापाऱ्यांनी परदेशी तांदूळ आणला, आणि कॅलिफोर्नियाचा कॅलरोझ सुपरमार्केटात खपू लागला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही, हे तर खरंच. पण कॅलरोझ जपानी कुकरला बऱ्यापैकी मानवतो, आणि या वेळी पिशवी ज्याने त्याने आपल्या मर्जीने उचलली होती.

आपल्या घरांतही हेच चालतं. निशी-कसाईच्या भारतीय दुकानातून बासमती आणायचा की कोपऱ्यावरचा जपानी तांदूळ? पुलावाला बासमतीच हवा. पण मावळातल्या इंद्रायणीचा आसट भात ज्यांना आवडतो, त्यांना वरणभातासाठी जपानी तांदूळ परका वाटू नये. मुलांना तर शाळेच्या जेवणामुळे तोच ओळखीचा.

तेव्हा मंडळी, सवयीने मोठी पिशवी उचलण्याआधी लहान आणून घरच्या भांड्यात शिजवून पाहा. दोन घास मुलांना द्या, दोन आजींना. निवाडा तिथेच होईल.