शेत आणि रान

मुरबाड-शहापूरकडे चैत्रात मोह फुलतो. त्याची फुले पहाटे गळतात. आम्ही शाळेत शिकवत होतो, तेव्हा त्या दिवसांत निम्मी मुले उशिरा यायची. आम्ही रागवायचो. मग कळले, मुले पहाटेच टोपली घेऊन रानात जात. ती फुले सुकवून विकली की घरात मीठमिरची येई. तेव्हापासून आम्ही रागावणे सोडले.

मंडळी, रान म्हणजे आपल्या घरची दुसरी कणगीच आहे.

शेताचेच पाहा ना. भाताची रोपे करायची तर आधी राब भाजतात. जमिनीवर शेण, टहाळ, पाला आणि गवत पसरतात. वर थोडी माती टाकून पेटवतात. तणाचे बी जळते. राखेचे खत होते. पाऊस पडला की तेथे भात पेरतात. रोपे जोमाने वाढतात. आता सांगा, टहाळ कोठून आला? रानातून! सरपण, गुरांचा चारा, कुडाची कारवी, सारे रानातलेच. शेवळा, करटोली खुडून बायका कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात विकतात. रान गेले, तर नुसत्या शेतावर घर चालायचे नाही.

इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा केला. पुष्कळ रान सरकारी झाले. टहाळ तोडायलाही बंधने आली. ठाणे जिल्ह्यात फार ओरड झाली. म्हणून १८८५ साली चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले.

पुढे २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात दोन मोठे हक्क आहेत. पहिला हक्क जमिनीचा. जे आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसते, त्याला ती मिळते. नवरा-बायको दोघांचे नाव लागते. ती विकता येत नाही. इतरांना तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो.

दुसरा हक्क साऱ्या गावाचा. रान राखायचा आणि वापरायचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ साली मिळाला. तेथे ग्रामसभेने स्वतः बांबू विकला.

पुष्कळ लोक फक्त जमिनीचा दावा करतात. गावाचा दावा राहून जातो. मग शेत मिळते, पण राबाला टहाळ कोठला आणायचा?

म्हणून पुढच्या ग्रामसभेत विचारा, आपल्या गावाचा दावा केला आहे का? कागद स्वतः वाचा. आता आपल्याला वाचता येते. अंगठा नको, सही करा. आणि हक्क मिळाला तरी टहाळ बेताने तोडा, झाडाचा शेंडा राखा. रान राखले, तरच शेत पिकेल.