विश्लेषण : लेड झेपलिनची मुंबईतली दोन गाणी ४३ वर्षे कुठे होती? चाहते अजून का भांडतात?

घाटकोपरला मेट्रोत बसून हेडफोन लावले, तर अंधेरी येण्याआधी ही दोन्ही गाणी ऐकून होतात. जगातल्या सर्वात मोठ्या रॉक बँडपैकी एकाची ही गाणी मुंबईत ध्वनिमुद्रित झाली, मुंबईच्या वादकांनी ती वाजवली आणि नंतर ती ४३ वर्षे अधिकृतपणे बाहेरच आली नाहीत. तोवर ती चाहत्यांच्या कॅसेटवर आणि चोरट्या सीडींवर फिरत राहिली. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, पण वाद मिटला नाही.

नेमके काय घडले होते?

ऑक्टोबर १९७२ मध्ये जपानचा दौरा आटोपून गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. ड्रमर जॉन बॉनम आणि बासवादक जॉन पॉल जोन्स सोबत नव्हते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या छोट्या क्लबमध्ये दोघांनी स्थानिक वादकांबरोबर गाणी वाजवली. तो किस्सा शहरातले जुने रॉकप्रेमी आजही रंगवून सांगतात. त्यापेक्षा महत्त्वाचे काम मात्र ईएमआयच्या स्टुडिओत झाले. बासरीवादक आणि फिल्म्स डिव्हिजनचे संगीतकार विजय राघव राव यांच्या मदतीने वादक जमवण्यात आले आणि बँडची आधीच गाजलेली दोन गाणी भारतीय वाद्यांवर नव्याने बसवण्यात आली : १९७० च्या तिसऱ्या अल्बममधले 'फ्रेंड्स' आणि १९७१ च्या चौथ्या अल्बममधले 'फोर स्टिक्स'.

हीच दोन गाणी का?

'फ्रेंड्स'साठी पेजने गिटारच्या सहा तारा नेहमीप्रमाणे न लावता सी-ए-सी-जी-सी-ई अशा लावल्या होत्या. आपल्या भाषेत, खालून वर सा-ध-सा-प-सा-ग. तीन तारा षड्जाच्या, एक पंचमाची. नुसती छेडली तरी तानपुऱ्याची आठवण व्हावी अशी ही जुळणी आहे. त्यामुळे तिच्यावर भारतीय तंतुवाद्ये ठेवणे हे ओढूनताणून केलेले 'फ्युजन' वाटत नाही.

'फोर स्टिक्स'चे प्रकरण अवघड आहे. या गाण्यात ताल पाच आणि सहा मात्रांच्या मापांत आलटून पालटून फिरतो. मूळ ध्वनिमुद्रणात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवले, नावही त्यावरूनच पडले. आता एखादा म्हणेल, तबलावादकाला पाच-सहाचे काय कौतुक? झपतालात दोन-तीन-दोन-तीन असतेच, दादरा सहाचाच. खरी अडचण मोजणीची नाही. आपल्याकडे आवर्तन ठरलेले असते, त्याच्या आत लयीशी कितीही खेळा, सम तिथेच येते. इथे आवर्तनाची लांबीच मध्येच बदलते आणि ती कधी बदलणार हे गिटारच्या सुरावटीवर ठरते. हे थोड्या वेळात अंगात भिनवायचे होते. मुंबईच्या ध्वनिमुद्रणात काही ठिकाणी ताल किंचित चाचपडतो, त्याचे कारण बहुधा हेच. ते वादकांचे कच्चेपण समजणे चुकीचे ठरेल.

मग ही गाणी बाहेर कशी आली?

बँडने ती तेव्हा कुठल्याच अल्बममध्ये घेतली नाहीत. पुढे टेपच्या प्रती चाहत्यांच्या हाती लागल्या आणि एका कॅसेटवरून दुसरीवर उतरू लागल्या. प्रत्येक उतरवणीत सरसर वाढत गेली, तबल्याची धार बोथट झाली. माहितीही गढूळ झाली. वाद्यवृंदाला 'बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा' असे भारदस्त नाव चिकटले, तारीख काही ठिकाणी मार्च १९७२ झाली. ही नावे आणि तारखा पुढे पुस्तकांतही शिरल्या.

दरम्यान पेज आणि प्लांट यांनी १९९४ च्या 'नो क्वार्टर' अल्बममध्ये हीच दोन गाणी इजिप्शियन वादकांना आणि मोठ्या वाद्यवृंदाला घेऊन पुन्हा केली. मुंबईत जे अर्धवट राहिले ते तिथे पुरे झाले, असे मानणारे अनेक आहेत. मूळ टेप मात्र ३१ जुलै २०१५ रोजी 'कोडा' या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे ऐकायला मिळाली. आवाज पेजने स्वतः नव्याने साफ केला होता. 'फोर स्टिक्स'चे नाव तिथे 'फोर हँड्स' झाले.

चाहत्यांचे म्हणणे काय?

एक गट म्हणतो, कच्चे ध्वनिमुद्रण म्हणजे कलाकाराची रफ वही आणि ती न विचारता चाळू नये. २०१५ मध्ये खुद्द पेजनेच ती उघडल्यामुळे या मुद्द्यात आता फारसा जीव उरलेला नाही. दुसऱ्या गटाला ही गाणी मूळ ध्वनिमुद्रणापुढे फिकी वाटतात. 'फोर स्टिक्स'पुरते ते पटण्यासारखे आहे, कारण बॉनमची जागा भरून निघत नाही. 'फ्रेंड्स'च्या बाबतीत मात्र मुंबईचे ध्वनिमुद्रण मूळ गाण्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहते.

तिसरे म्हणणे सगळ्यात वजनदार आहे. चोरट्या प्रतींमध्ये दोन्ही गाण्यांची एकाहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत. वादक अडखळतात, पुन्हा सुरू करतात, गाणे हळूहळू हाताला लागते. अधिकृत आवृत्तीत प्रत्येक गाण्याचे एकच रूप आहे. म्हणजे आवाज सुधारला, पण मुंबईच्या वादकांनी ते गाणे कसे पकडले हे ज्या भागात ऐकू येते, नेमका तोच गळला. खराब आवाजाच्या जुन्या प्रती चाहते अजून जपून ठेवतात त्या यासाठी.

वाजवणारे कोण होते?

मोबाइलवरच्या कोणत्याही म्युझिक अ‍ॅपमध्ये 'फ्रेंड्स' शोधा. शीर्षकापुढे कंसात 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढेच दिसते. मुंबईच्या स्टुडिओ वादकांना हे नवे नाही. हिंदी चित्रपटसंगीतात शेकडो वादकांनी आयुष्यभर वाजवले आणि तबकडीवर नाव आले संगीतकाराचे, गीतकाराचे, गायकाचे. संशोधक ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या 'बिहाइंड द कर्टन' या पुस्तकात त्यांच्यापैकी अनेकांच्या मुलाखती घेऊन तो पडदा थोडा बाजूला केला.

कायद्याची साथही उशिरा मिळाली. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण वादक-गायकांना 'सादरकर्ते' म्हणून हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. सादरीकरणाला आपले नाव जोडले जावे, हा हक्क तर २०१२ च्या दुरुस्तीत आला. १९७२ मध्ये स्टुडिओत वाजवून, मानधन घेऊन घरी गेलेल्या वादकाच्या हाती यातले काहीच नव्हते. याच कायद्यात आणखी एक गंमत आहे : ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे प्रकाशितच न झालेल्या टेपचे घड्याळ सुरूच होत नाही.

तंत्रज्ञान मदत करेल का?

थोडी. बीटल्सचे 'नाऊ अँड देन' हे नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेले गाणे जॉन लेननच्या १९७० च्या दशकातल्या घरगुती कॅसेटवरून तयार झाले. पियानोत मिसळलेला त्याचा आवाज मशीन लर्निंगने वेगळा काढण्यात आला. तसलीच 'डेमक्स'सारखी मोफत प्रणाली आज बोरिवलीतला एखादा विद्यार्थीही लॅपटॉपवर चालवू शकतो आणि मुंबई सेशनच्या जुन्या प्रतींवर असे प्रयोग करणे अवघड नाही. अडचण वेगळीच आहे. ही प्रणाली मूळ रूपात गाण्याचे चार भाग करते : गायन, ड्रम, बास आणि 'इतर'. सतार, सारंगी, बासरी, सगळी 'इतर'मध्ये जातात.